दमायचं न्हाई

दुष्काळात सोसायटीचं गोदाम रिकामं पडलं, तशी ओव्हाळ मॅडमनी त्याच्या भिंतीवर लोखंडी रिंग ठोकून घेतली. एकेकाळी मॅडम राज्याच्या संघातून बास्केटबॉल खेळायच्या. आता नेकनूरच्या पोरींना शिकवत होत्या. "दमायचं न्हाई!" हे त्यांचं एकच पालुपद.

पोरींचा खेळ बघायला गावातलं कुणी कधी फिरकलं नव्हतं. दसरा झाला आणि एक पटकेवाले पाहुणे रोज कट्ट्यावर येऊन बसायला लागले. नववीतल्या उंच कालिंदाकडे बघून मान डोलवायचे. मॅडमना बरंही वाटायचं, पण जीव थाऱ्यावर नसायचा.

शेवटी त्यांनी विचारलंच, "काका, यातली तुमची पोरगी कोणती?"

"माझी कुठली बाई! पोराचा कोयता जोडायचाय. नवरा-बायकोची जोडी असल्याबिगर मुकादम ऊसतोडीला नेत न्हाई. ती उंच पोरगी लई पळती, दमतच न्हाई. दिवाळीच्या आत लग्नाचा बार उडवून टाकू. घर कुठं हाय तिचं?"



दुसऱ्या दिवशी पाहुणे कट्ट्यावर टेकले, तसं मॅडमनी पोरींना जवळ ओढलं आणि हळूच सांगितलं,



"आज सगळ्याजणींनी लवकर दमायचं."