पाण्याखालची पांढरी रेघ

१९९२ साली श्रीधर सिल्वासाजवळच्या खडोलीत एका नव्या कारखान्याचा मॅनेजर होता. दिवाळीच्या तोंडावर समुद्रकाठच्या एका वाडीतले मच्छीमार कामाच्या शोधात त्याच्या घरी आले. त्यालाही दुसऱ्या पाळीसाठी माणसं हवीच होती.

"यंदा पावसाळ्यात दर्याने दारापुढची सगळी वाळू नेली, इतकी कधीच गेली नव्हती," त्यांच्यातली रतनबाई म्हणाली. "आता वाडी सोडायची ठरलंय, साहेब."

श्रीधरची बायको हेमांगी किनाऱ्यांचा अभ्यास करायची. तिने त्या वाडीचे विमानातून काढलेले फोटो टेबलावर मांडले, मागच्या काही वर्षांचे, पावसाळ्याआधीचे आणि नंतरचे.

"ही पांढरी रेघ बघा, मावशी. ही तुमचीच वाळू, पाण्याखाली थांबलेली. दर वर्षी लाटा शांत झाल्या की ती परत आली आहे. होळीपर्यंत धीर धरा."

रतनबाई बराच वेळ फोटोंवर वाकून राहिली. मग सगळे उठले आणि आल्या वाटेने परत गेले. श्रीधरच्या कपाळावर आठी पडली.

होळीला वाडीतून दोघांना बोलावणं आलं. दिवाळीत जिथे पाणी होतं, तिथे रुंद वाळूवर होळी पेटली होती आणि बायका हेमांगीला ओवाळत होत्या.

त्याच आठवड्यात मुंबईहून मालक आले. "दुसरी पाळी अजून बंदच? ती वाडीची माणसं येणार होती ना?"

"त्यांची वाडी हरवली होती, साहेब," श्रीधर ताठ मानेने म्हणाला. "माझ्या बायकोला सापडली."