अर्धवट सोडलेलं आख्यान

अबुधाबीतल्या रिंकवर सामन्याआधी शैलेंद्रकाकांनी लेकीच्या टीमला आइस हॉकीच्या एका जुन्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेचा इतिहास कीर्तनातल्या आख्यानासारखा गाऊन सांगायला घेतला. गोठलेल्या तळ्यावर अंतिम सामना रंगला, बर्फ फुटला आणि सगळ्यांत आधी गोलकीपर पाण्यात गेला. तेवढ्यात सामन्याची वेळ झाली म्हणून कोच ओरडला, “खलास अंकल, यल्ला!” काकांनी आख्यान तिथंच सोडलं. सामना सुरू झाला आणि गोल राखणाऱ्या लेकीच्या, अवनीच्या पायांखालून टकटक ऐकू आली. खाली तर निव्वळ काँक्रीट होतं. तिच्याभोवती बर्फ तडकू लागला. “बाबा, समवन इज नॉकिंग!” मृणालिनीकाकू कळवळल्या, “अहो, बुडालेल्या माणसाला तसंच ठेवून कीर्तन कुणी थांबवतं का? काढा त्याला वर!” काका गायले: विठ्ठलानं हात दिला, गोलकीपर काठाला लागला. टकटक थांबली. अवनीनं खाली वाकून ऐकलं. “बाबा, तो थँक यू म्हणतोय. विचारतोय, टीममधल्या बाकीच्यांना कधी काढणार?”