आबांचा नेम

पाटी काही पडेना.

इंद्रजीतनं स्टुलावरचा वीतभर रणगाडा पुन्हा सरळ केला. तोंड समोर, टीव्हीशेजारच्या पाटीकडे. आबांचा अंगठा बटणावर होता, पण पाटी मख्खासारखी उभी.

पुण्यात काही हौशी मंडळी रविवारी मैदानात रिमोटवरचे रणगाडे लढवतात. त्यांच्यासाठी निशाणाच्या पाट्या इंद्रजीत खुटबावला घरी बसून बनवायचा. रणगाड्यानं गोळी झाडली म्हणजे डोळ्यांना न दिसणारे किरण सुटतात, ते पाटीच्या भिंगावर पडले की पाटी खाडकन आडवी होते आणि जरा वेळानं आपली आपण उठते. रिमोटचं आणि टीव्हीचं जे नातं, तेच रणगाड्याचं आणि पाटीचं. सामानही तो तिथूनच उचलायचा, भंगारातल्या टीव्हीतून आणि जुन्या रिमोटांतून.

ही पाटी मात्र विकायची नव्हती. त्याचे वडील जयसिंगआबा फौजेत रणगाड्यावर गनर, म्हणजे तोफेचा नेम धरणारे, होते. पक्षाघातानं त्यांची वाचा गेली आणि सगळं अंग लुळं पडलं. डोळे उघडे असत, पण नजर कुणावर ठरत नसे. दौंडच्या डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं की त्यांना काही समजत नाही, उगाच आशा धरू नका. इंद्रजीतला ते पटलं नाही. ज्या माणसानं उमेदीची सगळी वर्षं नेम धरण्यात घालवली, तो आत कुठं शिल्लक असेल तर एवढी पाटी तरी पाडेलच.

म्हणून त्यानं रणगाड्याची गोळी झाडणारी एका बटणाची डबी बनवून आबांच्या तळहाताला पट्ट्यानं बांधली. बटण इतकं हलकं केलं, की अंगठ्याच्या नुसत्या थरथरीनं दाबलं जावं. आधी स्वतः दाबून बघितलं तेव्हा पाटी पडली. आबांच्या हातात डबी गेली आणि पाटी उभीच राहिली.

आई, कस्तुराबाई, रोज आबांचं अंग पुसताना पट्टा सोडायची आणि पुन्हा नीट बांधायची. तिचं गाऱ्हाणं निराळंच होतं. टीव्हीच्या रिमोटचे सेल संपले होते. च्यानेल बदलायला दरवेळी उठावं लागे आणि तिचे गुडघे बोलायचे. सेल आण म्हणून ती रोज सांगायची. इंद्रजीत रोज हो म्हणायचा आणि रोज विसरायचा. शेवटी तिनं सांगायचं सोडून दिलं.

मग एका संध्याकाळी तो मोरीत पाय धूत असताना आत खाडकन आवाज झाला.

ओल्या पायांनीच तो धावला. पाटी आडवी होती. आबा छताकडे बघत होते. आई भाजी निवडत होती. त्यानं आबांचे पाय धरले आणि लहान पोरासारखा रडला.

तेव्हापासून पाटी पडत राहिली. पाडा म्हटलं की पडेलच असं नव्हतं, आबांच्या मनाला येईल तेव्हा. त्यातली खोडही इंद्रजीतनं ओळखली. मालिका रंगात आली की आबा गप्प असायचे, आणि जाहिराती लागल्या की गोळी झाडायचे. आबा मालिका बघतात, त्यांना ती कळते, असं तो येईल त्याला छाती फुगवून सांगायचा. डॉक्टरांना फोनवर सांगितलं, तर ते नुसतं बरं म्हणाले.

पण अंग साथ देईना. आबांनी गिळणं सोडलं, पाणीसुद्धा ओठांच्या कडेनं बाहेर येऊ लागलं. आता थोडेच दिवस, हे कुणी सांगायला नको होतं.

इंद्रजीतनं तेजश्रीला बोलावून घेतलं. त्याची धाकटी बहीण, केडगावला दिलेली नव्हे, स्वतःच्या मनानं गेलेली. केडगाव हाकेच्या अंतरावर, पण तिनं लग्न केलं त्या दिवसापासून आबांनी तिचं नाव काढलं नव्हतं आणि तिनं या घराचा उंबरा ओलांडला नव्हता.

ती आली आणि खाटेपाशी खाली बसली. टीव्ही चालू होता. तिनं आबांच्या हातातली डबी निरखून बघितली.

"दादा, यांचा अंगठा हाललेला तर दिसत न्हाई," ती म्हणाली.

"हालायला लागतच न्हाई. लई हलकं बटण हाय. तू बोल. त्यांना समदं कळतंय."

तेजश्रीनं आबांचा हात हातात घेतला. "आबा, मी चुकले का न्हाई ते मला आजून कळत न्हाई. पर तुमच्याबिगर लई जड गेलं. मला माफ केलं आसंल, तर येकदा पाडा ती पाटी."

लेकीचं बोलणं नीट ऐकू यावं म्हणून आईनं बसल्या जागेवरून टीव्हीचा आवाज बारीक केला.

पाटी खाडकन आडवी झाली.

तेजश्रीनं आबांच्या छातीवर डोकं टेकलं आणि इतक्या वर्षांचं साचलेलं सगळं रडून घेतलं. आईही पदर डोळ्यांना लावून बसली. इंद्रजीतला वाटलं, आता आबा गेले तरी चालतील. मोकळे होऊन जातील.

त्यानं तिला मोटारसायकलवरून केडगावला सोडलं. वाटभर ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, माफ केलं बघ दादा. परतताना दुकान दिसलं आणि त्याला आईची आठवण झाली. आज त्याचं मन भरलं होतं, आणि एवढी साधी गोष्ट आपण आईसाठी केली नाही याची लाज वाटत होती. त्यानं सेल घेतले.

घरी आल्यावर त्यानं ते आईपुढं धरले.

"आता कशाला आणलंस?" कस्तुराबाई म्हणाली. "तुझी वाट बघून मी कवाच आबांच्या हातातल्या डबीतले काढून टीव्हीच्या रिमोटाला घातलेत. त्यांना कुठं लागत व्हते?"