घरच्यासारखं

गावच्या शाळेतली चार चांगली खेळाडू पोरं यंदा मोठ्या विद्यापीठांनी उचलून नेली. "पुढच्या हंगामात संघात गावचा एकही खेळाडू नसेल, तर आम्ही कोचही दुसरा बघू," असं आमच्या छोट्या कॉलेजच्या अध्यक्षांनी मला तोंडावर सांगितलं. शाळेच्या संघात आता उरला होता एकटा टेव्हियन, दारात उभा राहिला तर उजेड अडवणारा.

रविवारी चर्च सुटल्यावर त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईनं गरम तळलेलं चिकन वाढलं.

"बाई, पाया पडतो तुमच्या," मी रडकुंडीला येऊन म्हणालो. "मोठ्या विद्यापीठात तुमचा मुलगा म्हणजे जर्सीवरचा नुसता नंबर. आमच्याकडं सगळं घरच्यासारखं. झाडूवाल्यापासून प्रत्येकाला मी नावानं ओळखतो. एकदा येऊन आमचं कॉलेज बघा तरी!"

"तिनं बघितलंय," टेव्हियन ताटातून डोकं वर न काढता म्हणाला.

बाई उठल्या. खुंटीवरचं जाकीट त्यांनी अंगात घातलं. पाठीवर आमच्याच कॉलेजचं नाव होतं.



"तुम्ही सावकाश जेवा, कोच. मला कालच्या मॅचचे कपडे धुवायला जायचंय. अकरा वर्षं तुमच्या पोरांचे कपडे मीच धुतेय."