आपोआप उडालेली बंदूक

ही एक फाईल नीट बंद झाली की निशिकांतला आशिया विभागाचं प्रमुखपद मिळणार होतं. त्यामागोमाग ऑफिसात खिडकीजवळची खुर्ची, आणि सिंगापुरातल्या वुडलँड्सचा भाड्याचा फ्लॅट सोडून ईस्ट कोस्टला समुद्राकाठी स्वतःचा कॉन्डो. बायकोने, नीलिमाने, पडद्यांचा रंगसुद्धा ठरवून ठेवला होता. येणं एवढं सगळं, आणि द्यायचं काय, तर चार ओळींचा निष्कर्ष. तोही आज संध्याकाळपर्यंत.

फाईल सरळ होती. अमेरिकेतल्या एका घरात बापाचं पिस्तूल उडालं आणि आठ वर्षांची मुलगी गेली. बापाचं म्हणणं, पिस्तूल टेबलावरून पडलं आणि आपोआप उडालं. कारखान्याने भरपाई द्यावी. कारखान्याचा विमा निशिकांतच्या कंपनीकडे होता. तज्ज्ञाने तेच पिस्तूल वीस वेळा आपटून पाहिलं, एकदाही उडालं नाही. चापावर ठसे निघाले ते मुलीच्या धाकट्या भावाचे. वय वर्षं पाच.

पोलिसाच्या कमरेखेरीज कुठे बंदूक दिसत नाही अशा शहरात बसून निशिकांत पंधरा वर्षं असल्याच फायली निस्तरत होता. बंदूकवाले बाप त्याला पाठ झाले होते. भरलेलं हत्यार उघड्यावर टाकायचं आणि मग कारखान्याच्या नावाने बोटं मोडायची.

असला एक बाप त्याच्या स्वतःच्या घरात होऊन गेला होता.

"ठेव रे तो लॅपटॉप आता," आईने दुसऱ्यांदा सांगितलं.

आज खंडेनवमी. हॉलमध्ये पाटावर आईची विळी, घरातला हातोडा, स्क्रूड्रायव्हर आणि नोव्हेनाच्या हॉस्पिटलात ड्यूटीवर गेलेल्या नीलिमाचा जुना स्टेथोस्कोप मांडून झाला होता. ज्याच्यावर पोट चालतं त्याला हळदकुंकू लावायचं आणि मग दिवसभर त्याला हात लावायचा नाही, हा आईचा नियम.

"आजी, लॅपटॉप इज नॉट अ वेपन लाह," लेक गार्गी सिंगापुरी हेलात म्हणाली.

"तुझ्या बाबाचा आहे," आजी म्हणाली.

निशिकांत हसला. "दहा मिनिटं, आई. या माणसाला खोटा ठरवला की झालं. पोरानं चाप ओढलाय आणि हा म्हणतो, आपोआप उडालं. अगदी आपल्या बाबांसारखं."

आईचं कुंकवाचं बोट हवेतच थांबलं.

सेहेचाळीस वर्षांपूर्वी बाबा साताऱ्याकडच्या एका गावात शाळामास्तर होते. रानडुकरांसाठी बारा बोअरची, परवान्याची बंदूक होती. त्या खंडेनवमीला ती पाटाशेजारी भिंतीला टेकवून, झेंडूची माळ घालून ठेवली होती. आतलं काडतूस काढायचं बाबा विसरले. सात वर्षांची थोरली मुलगी क्षिप्रा गेली. निशिकांत तेव्हा चार वर्षांचा. त्याला नुसता आवाज आठवत होता, आणि जमिनीभर झेंडूच्या पाकळ्या.

बाबांनी कोर्टात सांगितलं, बंदूक भिंतीवरून घसरली आणि आपोआप उडाली. सरकारी तज्ज्ञ म्हणाला, बंदुकीत दोष नाही. न्यायाधीश म्हणाले, आरोपी स्वतःची चूक निर्जीव वस्तूवर ढकलतो आहे, आणि दोन वर्षं दिली. नोकरी गेली. सुटून आल्यावर बाबांनी बंदुकीच्या कारखान्यावरच दावा लावला आणि अकरा वर्षं हरत राहिले. गाव हसायचं, शाळेत ते हसू निशिकांतच्या वाट्याला यायचं. केलेलं कबूल करायची धमक नसलेला माणूस, असा हिशेब त्याने फार लवकर मांडून टाकला. बाबांना सिंगापूर दाखवायचं राहिलं ते राहिलंच. सहा वर्षांपूर्वी ते गेले, तेव्हा हा तिसऱ्या दिवशी पोचला.

"त्या पोराला काय सांगितलंय बापानं?" आईने विचारलं.

"काय सांगणार? पिस्तूल पडलं म्हणून."

"आणि तुझा कागद ते पोर कधी वाचेल?"

"वाचेल कधीतरी मोठं झालं की. कागद काय, राहतातच. पण तू हे का विचारतेयस?"

आईने गार्गीला निरांजनासाठी तूप आणायला आत पाठवलं. मग पाटाकडेच बघत म्हणाली, "बाबांची बंदूक घसरली नव्हती, निशी. मी दारात होते. काडतूस विसरले ते त्यांचंच, मरेपर्यंत रोज म्हणायचे मला. पण कोर्टात खरं सुरू केलं असतं तर पुढचंही सांगावं लागलं असतं."

"पुढचं काय?"

आईने त्याच्या उजव्या हाताकडे पाहिलं. लगेच नजर काढून घेतली.

निशिकांतने तो हात कीबोर्डवरून उचलला. मग कसाबसा म्हणाला, "मग तो दावा? अकरा वर्षं?"

"एका तरी कागदावर यायला हवं होतं त्यांना, की बंदूक आपोआप उडाली. म्हणायचे, पोरगा हुशार आहे, एक ना एक दिवस कागद काढून वाचेल." तिने पदराने बोट पुसलं. "मीही नसते बोलले. पण तू त्या पोराला सांगायला निघालास."

स्क्रीनवर तीन ओळी लिहून झाल्या होत्या. चौथीत मुलाचं नाव यायचं होतं. निशिकांतने लॅपटॉप मिटला आणि विळीशेजारी पाटावर ठेवला. आईने त्याला हळदकुंकू वाहिलं.

कारखान्याला काही भरावं लागलं नव्हतं. क्षिप्रा गेली. बाबांनी दोन वर्षं भरली, नोकरी भरली, गावातली पत भरली, आणि शेवटी मुलगाही. ज्याचं बोट चापावर होतं, त्याच्या दारात मात्र सेहेचाळीस वर्षं त्यांनी कुणाला वसुलीला येऊ दिलं नव्हतं.