वाऱ्याचा अंदाज

"आई, सात वाजता लाइट जाणार. बाबांना मशीनवरून सिलिंडरवर घे," सुजित फोनवर घाईघाईनं म्हणाला.

"घेते रे. तू तुझं काम बघ," सुमनताई म्हणाल्या.

सुजित चाकणच्या वीज नियंत्रण कक्षात संध्याकाळच्या शिफ्टला होता. सूर्य बुडाला की सौरऊर्जा संपायची आणि सगळी भिस्त घाटावरच्या पवनचक्क्यांवर यायची. आज अंदाज होता सहाशे मेगावॉटचा, मिळाले दोनशे. कोळशाचा जुना संच मार्चच्या आधीच बंद केलेला. कार्बन कमी करायची तारीख देशानं ठरवली होती, वाऱ्यानं नाही.

"पिंपळे गुरवची लाइन तोड," निरंजनसाहेब म्हणाले.

"साहेब, दुसरं काही बघू या का? तिथे आमचं घर आहे, वडील ऑक्सिजनच्या मशीनवर आहेत."

"घरी कळवलंस ना? मग तोड. कारखाने बंद पडले तर उद्या आपण दोघंही घरी बसू."

सुजितनं डोळे मिटून बटण दाबलं.

फाउंड्रीतल्या तीस वर्षांच्या धुळीनं सुजितच्या वडिलांची, उद्धवरावांची, फुप्फुसं पार खाल्ली होती. या उन्हाळ्यात त्यांच्या घराची वीज तोडायची ही चौथी वेळ; आधी तिन्ही वेळा दहा-पंधरा मिनिटांत लाइट परत आली होती. दर वेळी सुजित आधी फोन करायचा, दर वेळी आई निभावून न्यायची. "सिलिंडरवाला बरकत टाकी भरून देऊन गेला रे," हेही दुसऱ्या दिवशी आठवणीनं सांगायची. आईच्या जिवावर आपण नोकरी करतो, असं सुजित मित्रांना सांगायचा.

पन्नास मिनिटांनी वारा उठला. लाइट आली. पाठोपाठ आईचा फोन आला.

उद्धवराव गेले होते.

चौथ्या दिवशी बरकत भाड्याचा सिलिंडर न्यायला आला. सुजितच्या पोटात तीन दिवस अन्नाचा कण नव्हता. त्यानं धावत जाऊन बरकतची कॉलरच धरली.

"अर्धवट भरून दिलास! तुझ्या सिलिंडरनं घात केला माझ्या बापाचा!"

"सोड त्याला, सुजित," सुमनताई आतून शांतपणे म्हणाल्या. "वारा पडला, त्याला कोण काय करणार?"

बरकतनं कॉलर सोडवली आणि वाकून सिलिंडरवरचा काटा पाहिला.

"भाऊ, हा तर काठोकाठ भरलेला आहे. हे बघा, सीलसुद्धा तुटलेलं नाही."

सुजितला काही उमगेना. "म्हणजे मागच्या खेपेला भरून दिलास तसाच?"

"मी?" बरकत गोंधळला. "मार्चात हा एकदा ठेवून गेलो, त्यानंतर तुमच्या घराची पायरी आजच चढतोय."