बॉनेटची चकाकी

बॉनेटवर या टोकापासून त्या टोकापर्यंत फराटे उठले होते आणि शेवटच्या फराट्याला पुसायचं फडकं चिकटून बसलं होतं.

"बाबा! अहो, काय करून ठेवलंत हे?"

बाबा बाजूलाच उभे होते. बोटं चिकट झाली होती, ती कुठे पुसावीत हे त्यांना सुचत नव्हतं. गाडी मुलाची, पण सकाळी चहाच्या आधी ती पुसायचा मान त्यांचा.

"बोट लावून पाहिलं होतं रे मी. वाळलं असं वाटलं. दारं पुसली तेव्हा काही झालं नाही, म्हणून मग..."

"वाटलं! दिसत नव्हतं तुम्हाला? इथे एकेक रविवार मरमर मरतोय मी. पॉलिशपेपर घासून घासून बोटांची सालं निघाली, आणि तुम्ही एका फडक्यात वाट लावलीत!"

समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या काकू ओला टॉवेल हातात धरून तशाच थांबल्या. बाबांनी वर पाहिलं आणि ते ओशाळं हसले. "माझंच चुकलं हो," ते काकूंना म्हणाले. काकूंनी घाईघाईने टॉवेल झटकला.

तो तणतणत मागच्या खोलीत गेला. घरी मारलेल्या रंगाला कधी चकाकी येत नाही, असं गॅरेजवाला सहज बोलून गेला होता आणि याने ते मनाला लावून घेतलं होतं. दारांना तर चकाकी आलीही होती. समोरची खिडकी त्यांत गजांसकट दिसायची. राहिलं होतं ते बॉनेट, आणि त्यावर कालच शेवटचा हात दिला होता, क्लिअरचा, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक, चकचकीत थराचा. आता सगळं थिनरने पुसून काढायचं, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

त्याने फळीवरचा थिनरचा डबा ओढला. मागे हार्डनरची छोटी डबी होती. क्लिअरमध्ये हे मिसळल्याशिवाय ते वाळतच नाही. वर नुसती साय धरते, आत सगळं ओलंच राहतं. दारांच्या वेळी त्याने एक डबी मिसळली होती. ही दुसरी, बॉनेटची. त्याने ती हलवून पाहिली. भरलेली होती. झाकणाचं सील जसंच्या तसं.

काल क्लिअर ढवळताना मित्राचा फोन आला होता. कान आणि खांदा यांच्यात फोन धरून, हसत हसत तो नुसतंच ढवळत बसला होता.

बाबांनी आज पुसलं नसतं, आठवड्याने पुसलं असतं, तरी हेच झालं असतं.

"अहो, फार बोललात तुम्ही त्यांना," बायको दारातून म्हणाली. "ते काय आहे हातात?"

"काही नाही." त्याने डबी खिशात कोंबली.

दारांच्या वेळी क्लिअर ढवळायला तीच होती. तिने त्याच्या फुगलेल्या खिशाकडे पाहिलं. "घालायची राहिली ना ती?"

त्याने खिशावर हात ठेवला.

"मग सांगा की जाऊन त्यांना."

"सांगतो. आधी बॉनेट साफ करू दे."

"बॉनेट कुठे पळून चाललंय?"

त्याचे कान शरमेने तापले. बाबांपुढे चूक कबूल करायची त्याला कधी सवयच नव्हती. 'बाबा, चूक माझी होती.' एवढंच तर म्हणायचं. मनात दोनदा घोकून तो बाहेर आला.

बाबा शर्ट बदलून, बूट घालून उभे होते. "तुला वेळ असेल तर चष्म्याच्या दुकानापर्यंत सोडतोस का रे? नंबर वाढलाय बहुतेक. तू म्हणालास ते खरंच आहे. एवढा ओला रंग, आणि मला दिसू नये?"

आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"बाबा, तुमचा नंबर काही..."

"वाढलाय रे, वाढलाय. मला कळतं ना. सकाळी घाबरलोच मी."

घोकलेलं वाक्य तसंच राहिलं. "बसा गाडीत," एवढंच तो म्हणाला. बॉनेटची तशीही वाट लागलेलीच होती. त्याने ते फडकं ओढून काढलं, आत बसला आणि गाडी चालू केली.

बाबा आलेच नाहीत. त्याने वळून पाहिलं. ते पलीकडच्या दाराशी उभे होते, हात पाठीमागे धरून. खणखणीत वाळलेलं, लखलखीत दार होतं ते. बाबा उघड्या खिडकीपाशी वाकले.

"दार आतून उघडतोस का रे? मला काही वाळलेलं ओळखू येत नाही आता."